सूर्याच्या उलट बाजूची खिडकी

३ नोव्हेंबर, रविवार

पॉलिशची पेस्ट विकणाऱ्या कंपनीने ही डायरी जानेवारीत दिली होती. दहा महिने मी तिच्यावर चहाचा कप ठेवत आलो. आज उघडली, कारण बायको म्हणाली, दिवसभर भिंतींना जे ऐकवता ते आता कागदाला ऐकवा, भिंतींना रंग द्यायचाय.

तर कागदा, ऐक. काल बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे. डाव्याच्या मधोमध डाग धरायला लागलाय. कडेचं दिसत राहील, समोरचं हळूहळू पुसलं जाईल. किती दिवसांत, ते बाईंना सांगता येईना. जे बघायचंय ते लवकर बघून घ्या, एवढं म्हणाल्या आणि काळा गॉगल लिहून दिला. त्यावर बाबा म्हणाले, "ऐंशी वर्षं बघतोय, आता राहिलंय काय?" बाई हसल्या. मी हसलो नाही, कारण काय राहिलंय ते मला ताबडतोब सुचलं होतं.

गोल इंद्रधनुष्य.

बाबा सत्तावीस वर्षं विमानात तिसरा माणूस होते. पुढे दोन पायलट आणि त्यांच्या मागे फ्लाइट इंजिनिअर. इंजिनांची नाडी बघणं हे त्याचं काम. पुढे ते काम कॉम्प्युटर करायला लागला, तेव्हा कंपनीने विमानांतून ती तिसरी खुर्ची काढली आणि खुर्चीवरच्या माणसांनाही. पण त्याआधी, मी सहा वर्षांचा आणि ताई नऊची असताना, बाबा मोठ्या फेरीवरून आले की बूटसुद्धा न काढता पलंगावर आडवे व्हायचे. आम्ही दोघं दोन बाजूंना. मग ते सांगायचे, की खाली ढगांवर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती आख्खं गोल इंद्रधनुष्य उमटतं, बांगडीसारखं, कुठे टोक नाही. एकदा तर पायलटने विमान त्या बांगडीतून सुईत दोरा ओवावा तसं नेलं. ताईने विचारलं, मग विमानाला रंग लागला? बाबा म्हणाले, लागला थोडा, पण उतरेपर्यंत वाळतो.

मी हे शाळेत जाऊन सांगितलं. मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर उभा राहून मी आकाशाकडेच बघत होतो, त्यामुळे शिक्षा वाया गेली.

पुढे मी विमानांच्या खिडक्या घासायच्या खात्यात चिकटलो, त्याचं मूळ हेच. एकोणतीस वर्षं खिडक्या घासतोय. खिडकीतून बाहेर बघायचा योग मात्र पाचदा आला. कर्मचाऱ्याचं तिकीट म्हणजे उरलेली खुर्ची, आणि उरलेली खुर्ची म्हणजे दोन जाड माणसांच्या मधली. ते कडं मी अजून पाहिलेलं नाही. आता बाबांबरोबर बघायचं. त्यांनी शेवटचं, मी पहिल्यांदा.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांना बेत सांगितला. ताईच्या गावाला विमानाने जाऊ, दीड तासाचा प्रवास, वाटेत बघू. त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. मी चाकाच्या खुर्चीची सोय काढली. मग कान दुखतात म्हणाले. ज्या माणसाने सत्तावीस वर्षं कान वर नेऊन खाली आणले, त्याचे कान. मग थंडी, मग ताईच्या घरचा कडक पलंग. मी तीन कारणं खोडली की ते चार नवी काढायचे. संसदेत असते तर नाव काढलं असतं.

बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, त्यांना नको असेल तर नको. थोड्या वेळाने विचारलं, "त्यांच्या खुर्चीला खिडकी होती का हो?"

बायकांना यंत्रातलं कळत नाही. मी सांगितलं, विमानात जिकडे बघावं तिकडे खिडक्या असतात, नाहीतर आपलं पोट कशावर चाललं असतं? ती बरं म्हणाली आणि दूध बघायला गेली.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज खात्यात करमणूक. एका प्रवाशाची तक्रार आली, की सतराव्या रांगेतल्या खिडकीला आतून रंगीत पट्टे आलेत, जांभळे-हिरवे, खिडकी सडली असावी. साहेबांनी लाल शाईत लिहिलं, "रंग जाईपर्यंत पॉलिश करावे." साहेब आमच्याकडे येण्याआधी विमानातल्या ट्रे आणि गाद्यांचं खातं सांभाळत होते. गादीला रंग लागला तर तो घासून जातो, हे खरंच आहे.

मी त्यांना हँगरच्या दाराशी नेलं, खिडकी आकाशाकडे धरली आणि म्हटलं, तुमचा गॉगल घाला. घातला. काचेत पट्टेच पट्टे, पाण्यावर तेल सांडल्यासारखे. काढा. काढला. काच स्वच्छ. पुन्हा घाला आणि मान कलती करा. मान कलली तसे जांभळ्याचे हिरवे झाले.

विमानाची खिडकी काचेची नसते, जाड प्लास्टिकची असते. ती ओतताना, वाकवताना तिच्या पोटात ताण राहतात. साध्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. ठरावीक जातीच्या गॉगलमधून बघितलं की रंग होऊन दिसतात. आम्ही मुद्दाम तसली काळी पानं लावून खिडक्या तपासतो. जिथे रंगांची गर्दी, तिथे ताण जास्त. यात सडणं-बिडणं काही नाही.

साहेब पाच मिनिटं मान डोलवत रंग बघत होते, खूश होते. मग गॉगल खिशात घालून म्हणाले, "तरी खिडकी बदलून टाका. तक्रार आली म्हणजे दोष असणारच." बदलली. चांगली खिडकी अडगळीत गेली. असं माणसांचंही होतं, पण ते लिहिलं तर बायको म्हणेल, बाबांचं लिहिताय.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ताईचा फोन. ये म्हणाली घेऊन, पलंगावर दोन गाद्या टाकते. बांगडीची गोष्ट निघाली. तिला विमानाला लागलेला रंग आठवत होता. आणखी एक आठवत होतं, जे मी पार विसरलो होतो. बाबा ही गोष्ट सांगायला लागले की आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची, तोंडावर पदर धरून हसायची, आणि बाबा तिच्याकडे बघून तिला "जा ना" म्हणायचे.

आई कशालाही हसायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. तिला आता सगळे जण समजूतदार म्हणतात. होतीच, पण हसरी जास्त होती.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकलो. बाबांनी होकार दिला.

मी आज वेगळा डाव टाकला. चहा पिताना सहज म्हटलं, "एवढं नाही म्हणताय, म्हणजे ती थाप होती असं समजू का?" गंमत म्हणूनच म्हटलं. बाबांनी कप खाली ठेवला. बशीची कड बोटाने पुसली. मग म्हणाले, "काढ तिकिटं."

माणसाचा अभिमान डिवचला की काम होतं. हे साहेबांच्या बाबतीत जमत नाही, कारण त्यांना अभिमान कशाचा आहे तेच सापडत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

तिकिटं आली, या वेळी पैसे मोजून, उरलेल्या खुर्चीची नव्हेत. खुर्च्यांचं गणित माझं. कडं नेहमी सूर्याच्या बरोब्बर उलट दिशेला पडतं, कारण ते सावलीभोवती असतं. सकाळी सातचं विमान, जायचं उत्तरेला, म्हणजे सूर्य उजवीकडे. म्हणून आम्ही डावीकडे, पंखाच्या मागे. साध्या लोकांना खिडकी मिळाली की पुरतं. आपण कुठली खिडकी ते बघतो.

हे सगळं बाबांना कागदावर काढून दाखवलं. ते फार लक्ष देऊन ऐकत होते, वहीत लिहून घेणाऱ्या मुलासारखे. मग विचारलं, "म्हणजे समोर नाही दिसत? खाली, बाजूला दिसतं?" मी म्हटलं, बाबा, तुम्हीच तर सांगायचात, खाली ढगांवर. "हो हो," म्हणाले, "तेच म्हणतोय."

डोळ्यांबरोबर स्मरणशक्तीही चालली की काय? बायकोला बोललो नाही. तिला काळजी वाटेल.

२३ नोव्हेंबर, शनिवार. ताईकडे.

सगळं सलग लिहितो, नाहीतर उद्या मीच बदलून सांगेन.

सातचं विमान दुपारी तीनला सुटलं. उशीर का, ते आधी सांगितलं नाही, मग तीन वेगवेगळी कारणं सांगितली. तोवर सूर्य आमच्या डोक्यावरून चालत पलीकडे गेला होता. तीन आठवडे डोकं लावून मी बाबांना नेमकं सूर्याच्या मांडीवर बसवलं. कडं आता उजवीकडे पडणार होतं, आणि उजवीकडे टाय लावलेला एक गृहस्थ पडदा ओढून झोपायच्या तयारीत होता, शेजारी त्याची बायको.

बावन्नाव्या वर्षी मी विमानाच्या बोळात उभा राहून म्हणालो, माझ्या वडिलांना इंद्रधनुष्य बघायचंय, जागा बदलता का? टायवाल्याने पडदा वर करून बाहेर बघितलं आणि पाऊस कुठंय म्हणून विचारलं. मी सावलीपासून सुरुवात केली. ढगापर्यंत पोचायच्या आत त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं, की उठा आता, नाहीतर हे उतरेपर्यंत सांगतील. गुणी बाई.

बसलो. खिडकीला एक आडवा ओरखडा होता. कुणाचं गबाळं काम आहे हे, असं पुटपुटलो आणि मग कोपऱ्यातली खूण बघितली. आमच्याच खात्याची. पुढचं पुटपुटलो नाही.

बाबांनी डॉक्टरांचा गॉगल लावला होता. वर गेल्यावर पहिली वीस मिनिटं खाली नुसते ढगांचे तुकडे, मध्ये जमीन. सावलीला टेकायला काही नव्हतं. मी वाकून वाकून मान अवघडून घेतली. आणि तेवढ्यात बाबांनी माझा दंड धरला.

"दिसलं," म्हणाले.

मी खाली बघितलं. शेतं होती, एक तळं होतं. कुठे, म्हणून विचारलं.

"हे काय, समोर. जांभळा, हिरवा, कडेला पिवळा. काय सुंदर आहे. झालं बघ, माझं समाधान झालं." आणि खुर्चीला डोकं टेकून त्यांनी डोळे मिटले. पेपर सोपा गेलेल्या मुलासारखा चेहरा.

मी त्यांचा गॉगल हळूच काढून स्वतःला लावला. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून पट्टे उतरले होते, जांभळे, हिरवे, पिवळे. मान कलली की बदलणारे. बाहेर आकाशात काही नव्हतं. ते प्लास्टिकच्या पोटातले ताण होते, ज्यांवर मी पगार घेतो.

पहिला विचार आला तो असा, की नजर इतकी गेली? वाटलं, राहू दे. समाधान झालं म्हणतायत ना. डॉक्टरीणबाईंनीसुद्धा एवढंच सांगितलं होतं. पण एकोणतीस वर्षं ज्या गोष्टीला मी रोज दोष नाही, दोष नाही म्हणतोय, तिला बाबांनी इंद्रधनुष्य म्हणून डोळे मिटावेत, हे मला बघवेना.

"बाबा," मी म्हटलं, "ते काचेतलं होतं. गॉगलमुळे दिसतं. बाहेर बघायचंय, खाली."

त्यांनी डोळे उघडले. "मग ते नाही?"

"नाही."

"असं," म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कुणीतरी भर वर्गात उभं केल्यासारखे बसून राहिले. माझ्याकडे बघेनात. मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली. ती नेहमीच नको तिथे चालते, पण आज ती खरं बोलली होती आणि तरीही.

मग विमान उतरायला लागलं आणि खाली ढगांची सलग गादी आली. आणि आलं. आधी नुसता उजळ ठिपका, ढगांच्या उंचवट्यांवरून आमच्याबरोबर घसरणारा. मग त्याला कड आली. लहान, गोष्टीतल्यापेक्षा खूप लहान. बाहेरून तांबूस, मग पिवळं, मग हिरवट निळं, आत पांढरं. विमानाची सावली मधोमध, माशीएवढी, मग चिमणीएवढी. मी बाबांचं बोट धरून काचेवर नेमकं त्या जागी टेकवलं.

त्यांनी तोंड थोडं वळवलं, डागाच्या बाजूने बघायला. बघत राहिले.

"अरे," म्हणाले, अगदी हळू. "हे असं असतं होय."

मग बोलायलाच लागले, पण माझ्याशी नाही. लाल बाहेरच्या अंगाला आहे. त्याच्या बाहेर अजून एक आहे, फिकं. ते मला दिसलं नव्हतं, त्यांनी सांगितल्यावर दिसलं. आणि सावलीच्या मध्यावर नाही हे, पंखाच्या मागे आहे, आपण बसलोय तिथे. मी सांगितलं, की बघणारा जिथे बसला असेल तिथेच त्याचा मध्य पडतो, प्रत्येकाला आपापलं. मी ते वाचलं होतं, खरं वाटलं नव्हतं.

"म्हणजे पायलटला त्याच्याभोवती दिसत असणार."

"हो."

"आणि मागे बसलेल्याला?"

"त्यालाही त्याच्याभोवतीच. बघितलं तर."

 सावली मोठी मोठी होत आली, कडं मात्र तेवढंच राहिलं, मग सावली आम्हाला भिडली आणि सगळं पांढरं झालं. उतरल्यावर टायवाला आडवा आला. दिसलं का, म्हणून विचारत होता. बाबा त्याला म्हणाले, "दिसलं. तुमचे उपकार झाले." आणि त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

एक गोष्ट जुळत नाही. ज्या डोळ्यांना दुसरं फिकं कडं माझ्याआधी दिसलं, त्या डोळ्यांनी खिडकीतले पट्टे कसे काय इंद्रधनुष्य समजले? आणि "हे असं असतं होय". एखादी गोष्ट दुसऱ्यांदा बघणारा माणूस असं म्हणतो का?

वर जे लिहिलंय तेच मी आता परत परत वाचतोय. ताई जेवायला बोलावतेय.

२४ नोव्हेंबर, रविवार

ताई सकाळी दुकानात गेली. आम्ही दोघं तिच्या गॅलरीत. मी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. एवढं एक जन्मात ठरवल्याप्रमाणे वागलो.

बाबाच म्हणाले, "तुझ्या आईला माहीत होतं."

मी चहा ओतत राहिलो.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांची खुर्ची आडवी होती. तोंड भिंतीकडे, भिंतीवर तबकड्या. पाठीमागे कुठेतरी आकाश. पायलट ओरडायचे, ये रे, बघ, आलंय. मान वळवून दोन पावलं टाकली असती तर दिसलं असतं. पण ते म्हणायचे, थांबा, हे जुळू दे. आणि जुळेपर्यंत ते गेलेलं असायचं. मग पायलट जेवताना वर्णन करायचे. घरी आलं की आम्ही दोघं पलंगावर चढून विचारणार, आज काय बघितलं? तर तेलाचा दाब बघितला असं पोरांना कसं सांगायचं? पायलटांचं कडं आणलं उसनं, आणि सुईदोरा घरचा.

"सत्तावीस वर्षांत एकदाही नाही?" मी विचारलं.

"मग काटे कोणी बघायचे?"

हे त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. लहानपणी वर्गाबाहेर उभा होतो तो पोरगा माझ्यात अजून असेल, तर त्याला राग यायला हवा होता. तो आला नाही. मला फक्त एवढंच कळलं, की बाबांनी खरोखर काय बघितलं ते मी एकदाही विचारलेलं नाही. म्हणून विचारलं. जुळू दे म्हणजे काय जुळू दे?

ते सरळ होऊन बसले. चार इंजिनं. प्रत्येकाच्या सहा तबकड्या, उभ्या रांगेत. सगळं ठीक असलं की चोवीसच्या चोवीस काटे एका दिशेला झुकलेले, वारा लागलेल्या गवतासारखे. आकडा वाचायची गरजच नाही. एक जरी काटा वाकडा झाला तर डोळ्यांत खुपायचा. पण खरी मजा कानांची. चार इंजिनं एका वेगाने फिरत नसतील तर विमानात वँव-वँव असा घुमारा उठतो. प्रवाशांना कळत नाही, नुसतं डोकं चढतं. मग इंजिनांच्या वेगाचा एकेक दांडा केसभर मागे, केसभर पुढे. घुमारा लांबत जातो, लांबत जातो, आणि एका क्षणी नाहीसा होतो. चार आवाजांचा एक.

"दीडशे माणसं तेवढ्यात झोपी जायची," म्हणाले. "कोणाला कळायचं नाही का ते. मला कळायचं."

ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधीच सांगितली नव्हती. सुईदोऱ्यापेक्षा चांगली होती, असं मी त्यांना म्हटलं. म्हणाले, हं, सहा वर्षांच्या पोराला सांगून बघ.

बायकोला यातलं काही सांगणार नाही. तिचा बाबांच्या शब्दावर फार विश्वास, धक्का बसेल.

मग मी विचारलं, कसा यायचा तो घुमारा? त्यांनी तोंड मिटून एक सूर धरला आणि मला खुणेने सांगितलं, तूही धर. मी धरला. माझा जरा वर होता. दोन्हींच्या मध्ये ते वँव-वँव चालू झालं, कानात गुदगुल्या होतील असं. बाबांनी हवेत मूठ धरली आणि केसभर मागे ओढली. मी सूर उतरवला. अजून, त्यांनी मुठीने सांगितलं. अजून. ताई किल्ली फिरवून आत आली आणि पिशव्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिने काय चाललंय म्हणून विचारलं. कोणीच थांबलं नाही. बाबांनी मोकळ्या हाताने तिला शेजारची खुर्ची दाखवली.

तिने पिशव्या खाली ठेवल्या, बसली, आणि सूर धरला. तिचा फारच वर होता. बाबा तिच्याकडे वळले आणि त्यांनी दुसरी मूठ उचलली.